घोडा दाखवा, बुकी नको

इंग्लंडात घोड्यांच्या बहुतेक शर्यतींना अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. सोबत मोठं माणूस असलं की झालं. उन्हाळ्यातल्या ‘फॅमिली डे’ला तर हवा भरलेले किल्ले, पाळणे, चेहरे रंगवणारे, आइस्क्रीमच्या गाड्या असा जत्रेचा थाट असतो. लंडनच्या आसपास चौघांनी एक दिवस बाहेर काढायचा तर खिशाला किती खार लागतो, हे तिथल्या मराठी कुटुंबांना सांगायला नको. म्हणून ‘मुलं फुकट’ वाचून एप्सम, सँडाउन किंवा न्यूबरीच्या रेसकोर्सची वाट धरणाऱ्या आईबापांवर माझा राग नाही. राग आहे तो मुलांना फुकट बोलावणाऱ्यांवर.

या सहलीची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं : मोकळी हवा मिळते, मुलं मोबाइल सोडून जनावर बघतात. ही तिथली जुनी लोकपरंपरा आहे. पैसे मोठी माणसं लावतात, मुलं नुसती बघतात. आणि मुलाच्या हौसेखातर दोन पौंड लावलेच, तर हरण्याचा धडा स्वस्तात मिळतो.

जनावर बघतात, हे कितपत खरं? एप्समची डर्बी दीड मैलाची. अडीच मिनिटांच्या आसपास आटोपते. छोट्या शर्यती मिनिटभरात संपतात. दुपारभरात सहा-सात शर्यती आणि दोन शर्यतींत साधारण अर्ध्या तासाचं अंतर. म्हणजे अडथळ्यांविना पळायच्या शर्यती असतील, तर घोडे धावताना दिसतात ती एकूण दहा-पंधरा मिनिटं, तीही बापाच्या खांद्यावर बसायला मिळालं तर. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात, ते मात्र बघण्यासारखं असतं, हे कबूल. बाकीचे तीन तास भाव बघणं, पैसे लावणं, पिणं आणि हरलेली पावती फाडणं. मूल दुपारभर बघतं ते हे.

‘पण खेळ वेगळा आणि सट्टा वेगळा’, असं यावर उत्तर मिळतं. ते तर अजिबात टिकत नाही. ब्रिटनमध्ये बुकींना तिथल्या शर्यतींवरच्या ढोबळ नफ्यातला दहावा हिस्सा कायद्यानं रेसिंगसाठी द्यावा लागतो. एका ठरावीक रकमेपर्यंतची सूट सोडली, तर त्यातून कुणी सुटत नाही. बक्षिसाच्या रकमांना त्यातूनच हातभार लागतो. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळावी आणि निकाल आधी ओळखता येऊ नये. ही अनिश्चितता लागते कुणाला? घोड्याला तर नाही.

कायद्याची गंमत याहून मोठी. 2005 च्या जुगार कायद्यानं अठराखालच्या मुलाला भर बाजारातल्या बेटिंगच्या दुकानात पाऊल टाकता येत नाही. 2021 साली सरकारी लॉटरीचं किमान वय सोळावरून अठरावर नेलं. 2022 पासून मुलांना भुरळ पडेल अशा नामवंत फुटबॉलपटूंना सट्ट्याच्या जाहिरातीत घ्यायला मनाई झाली. आणि याच 2005 च्या कायद्यात, मैदानातल्या सट्ट्याच्या जागी मुलांना येऊ देऊ नये या अटीला एक अपवाद ठेवला आहे : शर्यतीच्या दिवशीचं रेसकोर्स आणि कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान. रस्त्यावर जे दुकान मुलाला बंद, तेच मैदानात बुकीच्या छत्रीखाली उघडं. मुलानं पैसे लावायचे नाहीत, हा नियम तिथंही आहेच. पण घोडा मुलानं निवडायचा आणि पैसे बापानं लावायचे, ही पळवाट कुणाला ठाऊक नाही?

आता तो दोन पौंडांचा धडा. भीती हरण्याची नाहीच, जिंकण्याची आहे. पोरानं नाव आवडलं म्हणून निवडलेला घोडा दहास एक भावानं आला, तर दोनाचे बावीस होतात. घरदार उड्या मारतं, फोटो निघतात आणि पोराच्या मनात तेवढंच पक्कं बसतं. तंबाखू वाईट हे कळावं म्हणून पोराला चिमूट मळून देण्यातलाच हा प्रकार. कुणी आपल्या सुप्रीम कोर्टाचा 1996 चा निकाल पुढे करील : घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. असेलही. घोड्याची वंशावळ, मैदानाची ओल, जॉकीची जुनी कामगिरी यांचा अभ्यास करणाऱ्याला तो लागू पडतो. जॉकीचा गुलाबी सदरा बघून घोडा निवडणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचं त्यात कौशल्य कसलं?

परंपरा मात्र खरी आहे. डर्बी 1780 पासून चालू आहे आणि एप्समच्या टेकडीवर शिदोरी घेऊन बसणारी कुटुंबंही जुनीच. ती अगदीच परकी, असंही म्हणवत नाही. बडोद्याच्या महाराजांचा ‘सयाजीराव’ नावाचा घोडा 1947 साली तिथली सेंट लेजर जिंकला होता. पण परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी विल्यम पॉवेल फ्रिथचं ‘डर्बी डे’ हे चित्र जरूर बघावं. 1858 मध्ये ते पहिल्यांदा लोकांपुढे आलं, तेव्हा गर्दी आवरायला पुढे कठडा घालावा लागला. त्यात घोडे दूर मागे, इवलेसे. पुढे हातचलाखी करून लोकांना लुबाडणाऱ्यांचं टेबल, खिसे रिकामे झालेला तरुण आणि मधोमध कसरतीचं काम विसरून श्रीमंतांच्या शिदोरीकडे टक लावून बघणारं डोंबाऱ्याचं पोर. डर्बीतली मुलं कुठं असतात, हे फ्रिथनं चांगलंच टिपलं होतं.

घोड्यांच्या हालांबद्दल थोडक्यात. नियामक मंडळाच्या आकडेवारीप्रमाणे ब्रिटनमध्ये हजार धावांमागे सुमारे दोन घोडे दगावतात. अडथळ्यांच्या शर्यतीत प्रमाण अधिक. 2023 साली एन्ट्री रेसकोर्सवरच्या ग्रँड नॅशनल महोत्सवात तीन दिवसांत तीन घोडे गेले. पुढच्या वर्षी त्या मुख्य शर्यतीतले घोडे चाळीसवरून चौतीस केले, चाबकाच्या फटक्यांवरही मर्यादा आहे. या सुधारणेचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही पडलेल्या घोड्याभोवती हिरवा पडदा धरतात, तेव्हा ‘आत काय चाललंय?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायची तयारी असलेल्यांनीच मूल बरोबर न्यावं.

मोठ्यांनी रेस खेळावी की नाही, ते त्यांचं ते बघतील. मुलांना घोडा दाखवावा, हे मात्र मी आग्रहानं म्हणेन, कारण त्या देशात त्याची सोय सुरेख आहे. न्यूमार्केटच्या माळावर सकाळी घोड्यांच्या रांगाच्या रांगा सरावाला निघतात. तिथल्या रेसिंगच्या संग्रहालयात शर्यतीतून निवृत्त झालेले, नव्या कामाला शिकवलेले घोडे जवळून बघता येतात. गुड फ्रायडेला लॅम्बर्नच्या पागा लोकांसाठी उघडतात. ‘नॅशनल रेसहॉर्स वीक’मध्ये तर देशभरातल्या पागा फुकट बघता येतात. तिथं खरारा करणारी माणसं भेटतात, नाल कसा ठोकतात ते कळतं, घोड्याचा ऊन श्वास हातावर येतो. भावाची पाटी कुठंच नसते.

रेसकोर्सवाल्यांना कुटुंबं खरोखर हवी असतील, तर त्यांनी सट्ट्याच्या छत्र्यांपासून लांब, स्वतंत्र कुंपण घालून मुलांची जागा करावी. आणि ब्रिटिश संसदेनं 2005 च्या कायद्यातला तो अपवाद काढून टाकावा. तिथल्या मराठी आईबापांनी एवढंच करावं : ‘नॅशनल रेसहॉर्स वीक’साठी नाव आधी नोंदवावं लागतं, तेव्हा जवळची पागा आत्ताच शोधून ठेवा.