लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला नाव दिले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. या नावातल्या क्रमाकडे आम्ही दरवर्षी वर्गाचे लक्ष वेधतो. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. लोक कसे जगतात हे पाहिले, त्यानंतर आपण कोठे कोठे गेलो ते सांगितले. आजच्या मराठी प्रवासलेखनात हा क्रम नुसता उलटा झालेला नाही. त्यातले पहिले पद गळूनच पडले आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी आम्ही मुद्दाम एक निरुपद्रवी वाटणारे उदाहरण घेतो: जुन्या मोपेडवर बसून, वाटाड्याच्या मागोमाग, समुद्रकाठचे एक शहर पाहणे.

शहर स्लोव्हेनियातले कोपर. या देशाच्या वाट्याला आलेला समुद्रकिनारा पन्नास किलोमीटरही भरत नाही आणि कोपर हे त्यावरचे बंदर. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने येथे शतकानुशतके राज्य केले. इटालियन भाषेत शहराचे नाव कापोदिस्त्रिया. मुळात हे बेट होते. १८२५ साली रस्ता बांधून ते मुख्य भूमीला जोडले गेले आणि पुढे भोवतालची मिठागरेही बुजली. ट्रिएस्टला एका चर्चासत्रासाठी गेलो असता आम्हांला एक दिवस मोकळा मिळाला. सीमा ओलांडून आम्ही दोघे कोपरला गेलो आणि तेथे जुन्या मोपेडवरून शहरदर्शन घडवणाऱ्या एका सहलीत नावे नोंदवली.

सहल आनंदाची झाली, हे आधीच कबूल करतो. पायडल मारून गाडी सुरू करण्याची कसरत, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा निळसर धूर, गाडीच्या आकाराला न शोभणारा फटफटाट, हे सारे आमच्या ओळखीचे होते. आमची पिढी वडिलांच्या लूनावर मागे बसून शाळेत गेलेली. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने आणलेली लूना म्हणजे मुळात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडचाच परवान्याने घडवलेला अवतार होता. तेव्हा एड्रियाटिकच्या काठी आमच्या मनात तालुक्याच्या गावचा रस्ता जागा झाला, यात नवल नाही. जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्यांतून गाड्या लोटत आम्ही टिटो चौकात गेलो, प्रेटोरियन राजवाडा पाहिला, भिंतीवरचे व्हेनिसचे दगडी सिंह पाहिले, पुलाच्या आकाराचे दा पोन्ते कारंजे पाहिले. मग समुद्राकडेच्या रस्त्याने दूर जाऊन, मागे बंदराच्या याऱ्या दिसतील अशा बेताने छायाचित्रे काढली.

वाटाड्या तरुण होता, हसतमुख होता. मोपेडची घडण, तिचा वेग, तिचे रंग, ती सायकलीसारखी कशी हाकता येते, हे तो रंगवून सांगत होता. गाडी 'टोमोस' या नावाची. ती याच गावी तयार होत असे, एवढे एक वाक्य त्याने जाता जाता सांगितले आणि तो पुढच्या वळणाला लागला. आमचा सारा वाद या एका वाक्याशी आहे.

टोमोसचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. ऑस्ट्रियाच्या पुख कंपनीचा परवाना घेऊन येथे मोपेडी बनू लागल्या आणि युगोस्लाव्हियाच्या घराघरांत पोहोचल्या. त्या देशात १९५०च्या कायद्याने कारखान्यांतून कामगारांच्या परिषदा स्थापन झाल्या होत्या. मालकी समाजाची आणि कारभार कामगारांचा, असा तो दावा होता. दावा कितपत खरा ठरला यावर पुष्कळ वाद झाला आहे, पण त्या देशात तो वादाचा विषय होता हेच महत्त्वाचे. १९९१ साली स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला, टोमोसची हक्काची मोठी बाजारपेठ फुटली आणि २०१९ साली कंपनीचे दिवाळे निघाले. ज्या गाडीवर आम्ही गमतीने बसलो होतो ती 'जुनी' झाली ती केवळ वयाने नव्हे. ती बनवणारे काम संपले, म्हणून ती जुनी झाली.

आणखी एक गोष्ट. १९५४ हे साल या शहराच्या दृष्टीने साधे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रिएस्ट आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशाचे दोन विभाग पाडण्यात आले होते. १९५४च्या लंडन करारान्वये ट्रिएस्टचा कारभार इटलीकडे गेला आणि कोपर ज्यात होते तो विभाग युगोस्लाव्हियाकडे. त्यानंतर येथील बहुसंख्य इटालियन भाषक घरेदारे सोडून निघून गेले. युद्धोत्तर वर्षांत इस्त्रिया आणि त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावरून गेलेल्यांची संख्या दोन लाखांपासून साडेतीन लाखांपर्यंत सांगितली जाते. फुल्व्हिओ तोमित्सा या लेखकाची 'मातेरादा' ही १९६०ची कादंबरी याच स्थलांतरावर आहे. म्हणजे ज्या वर्षी शहराचे भवितव्य ठरून ते रिकामे होऊ लागले, त्याच सुमारास तेथे कारखाना आला आणि कामाच्या शोधात बाहेरची माणसे येऊन शहर पुन्हा भरू लागले. रस्त्यांच्या पाट्या आजही स्लोव्हेनियन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत आहेत. त्या पाट्यांखालून आम्ही आठ मोपेडींचा तांडा घेऊन गेलो. पाट्या 'सुंदर' आहेत, असे आमच्यापैकी एकाने म्हटले. दोन भाषा का, असे कोणीच विचारले नाही.

सहल संपल्यावर मात्र आम्ही वाटाड्याला कारखान्याविषयी विचारले. त्याची आजी तेथे गाड्या जोडण्याच्या विभागात होती, असे तो म्हणाला. मग तिच्याविषयी सहलीत का सांगत नाही? त्याने खांदे उडवले. लोक सुटीवर आलेले असतात, असे तो म्हणाला.

या तरुणाला आम्ही दोष देत नाही. त्याच्या आजीच्या हातांनी जोडलेली गाडी तो भाड्याने देतो आणि आजीला वगळतो, कारण गिऱ्हाइकाला गाडी हवी असते, आजी नको असते. गिऱ्हाईक आम्हीच होतो. वस्तू आपल्यासमोर येते तेव्हा ती घडवणारे श्रमसंबंध तिच्यात लपून जातात, हा मार्क्सचा मुद्दा आम्ही एम.ए.च्या वर्गात समजावून सांगतो. पण येथे लपवाछपवी दुहेरी आहे. नवी वस्तू निदान उपयोगासाठी विकली जाते. जुनी वस्तू 'आठवण' म्हणून विकली जाते. म्हणजे जिच्या नावाने स्मृती विकायची, तिच्यातूनच आधी स्मृती काढून घ्यायची.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहान्नेस होफर याने १६८८ साली आपल्या वैद्यकीय प्रबंधात प्रथम वापरला. घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांचे ते निदान होते. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया'मध्ये त्याचे दोन प्रकार केले: हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा एक, आणि त्या ओढीकडेच चिकित्सेने पाहणारा दुसरा. मोपेडच्या सहलीत आढळतो तो या दोहोंपैकी एकही नाही. त्याला आम्ही उसने स्मरणरंजन म्हणू. जे घर आपले कधी नव्हतेच, ते हरवल्याची गोड हुरहुर त्यात असते. आणि ज्यांचे ते खरोखर हरवले, त्यांची गाठ पडत नाही. होफरचा रोगी निदान झुरत तरी होता. आमच्याकडून तासाचे भाडे घेतले गेले.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सहल म्हणजे विद्यापीठ नव्हे. माणसाने सुटीतही इतिहासाचे ओझे का वाहावे? प्रश्न ओझ्याचा असता तर आम्ही गप्प बसलो असतो. पण व्हेनिसचा सिंह, पंधराव्या शतकातला राजवाडा, कारंज्याचा इतिहास हे सारे सहलीत सांगितले जातच होते. सरदारांचा इतिहास ओझे नाही आणि कामगारांचा तेवढा ओझे, हा न्याय कोणता?

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. कारखाना बंद पडलेल्या शहराला पर्यटनाने काही मिळत असेल, तर प्राध्यापकांनी नाके का मुरडावीत? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पगार ज्यांचा निश्चित आहे त्यांनी दुसऱ्याच्या रोजगाराला नैतिकतेचे धडे देऊ नयेत, हे खरे. पण सहली बंद करा असे आम्ही म्हणतच नाही. आजीची गोष्ट सांगितल्याने वाटाड्याचे एकही गिऱ्हाईक कमी होणार नाही, असा आमचा कयास आहे. कमी होत असेल, तर तो दोष गिऱ्हाइकाच्या जडणघडणीचा. आणि ती जडणघडण करण्यात लेखकांचा व शिक्षकांचा हात असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक. बंद बसमधून शहर पाहण्यापेक्षा सावकाश जाणाऱ्या उघड्या मोपेडवरून ते अधिक जवळून दिसते, वास येतो, वारा लागतो. होय, येतो आणि लागतो. परंतु जवळून दिसणे आणि दिसलेल्याचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदराच्या याऱ्या आम्ही अगदी जवळून पाहिल्या, आणि छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणूनच पाहिल्या.

येथवर आम्ही इतरांविषयी बोललो, आता स्वतःविषयी. परत आल्यावर आम्ही या सहलीवर एक लेख लिहिला होता. त्यात निळे पाणी होते, दगडी सिंह होता, लूना होती, वडील होते. टोमोसच्या कामगारांविषयी एक अक्षर नव्हते आणि वाटाड्याची आजी तर कोठेच नव्हती. सहकाऱ्यांनी लेख 'ताजातवाना' आहे म्हणून वाखाणला. आठवड्याने पुन्हा वाचताना ध्यानात आले की, वाटाड्याने केले तेच आम्ही केले होते. फरक इतकाच की त्याला त्यातून पोट भरायचे होते. आमच्यावर तशी कोणतीही सक्ती नव्हती. तो लेख आम्ही फाडला. हा त्याच्या जागी आहे.

मराठीत दुसरी वाटच नव्हती, असे कोणी म्हणू नये. वरसईचे गोडसे भटजी घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या वणव्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. त्यात पैशाची चिंता पहिल्यापासून आहे, म्हणूनच भोवतालच्या माणसांच्या हलाखीकडेही डोळे उघडे आहेत. रमाबाईंनी अमेरिकेची राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांची चौकशी केली. अनंत काणेकरांनी 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' जाताना, निदान नावापुरते तरी, आपण कोणत्या प्रश्नामागे निघालो आहोत हे सांगून टाकले. या तिघांच्या भूमिका परस्परांशी जुळत नाहीत. पण प्रवासाला निघताना तिघांजवळही काही प्रश्न होता. आमच्याजवळ नोंदणीची पावती होती.

हे सारे दूरदेशीचे आहे असेही समजू नये. मुंबई हेही समुद्रकाठचेच शहर आहे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. कोठे कोठे धुराडे तेवढे शोभेसाठी राखले गेले. धुराडे राखणे आणि कामगार वगळणे, हा टोमोसचाच न्याय. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने १९९७ साली त्या धुराड्याखालचे घर रंगमंचावर आणले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेला गिरणगावचा मौखिक इतिहास शंभर वर्षांचा आणि शंभर आवाजांचा असल्याचे आपल्या नावातच सांगतो. उद्या लालबाग-परळमधून जुन्या लूनांवरची सहल निघाली, आणि ती निघणारच नाही असे आम्हांला मुळीच वाटत नाही, तर त्या शंभरांपैकी किती आवाज वाटाड्याच्या तोंडी असतील? तो वाटाड्या बहुधा आमचाच विद्यार्थी असेल. त्याची आजी कदाचित गिरणीत त्रासन खात्यात असेल.

म्हणून आमची मागणी पर्यटन खात्याकडे नाही, आमच्याच मराठी विभागांकडे आहे. प्रवासवर्णनाच्या प्रश्नपत्रिकेत आपण वर्षानुवर्षे 'निसर्गवर्णनाची वैशिष्ट्ये सांगा', 'लेखकाची विनोदबुद्धी स्पष्ट करा' असे विचारत आलो. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. या पुस्तकात काम करताना दिसणारी माणसे किती? लेखक तेथे कोणाच्या पैशाने आणि कशासाठी गेला? त्याने कोणाला काय विचारले, आणि त्याने जे विचारले नाही ते काय? या प्रश्नांपुढे पुष्कळशी गाजलेली पुस्तके उघडी पडतील. पडू द्यावीत. आमचा फाडलेला लेखही त्यांत होता.

कोपरच्या त्या तरुणाला आम्ही निघताना त्याच्या आजीचे नाव विचारले नाही. लोकस्थितीची चौकशी तेथूनच सुरू व्हायला हवी होती.