तहनाम्यात न मावलेली भूमी

युद्ध थांबले, बंदुका जमा झाल्या, निवडणुका पार पडल्या की शांती अवतरली, असा समज सर्वत्र दृढ आहे. ‘माणसे उपाशी असताना हत्तींची चिंता कसली?’ असे विचारणारे सज्जन आमच्या धर्मग्रामांतही भेटतात. त्यांची करुणा आम्हाला मान्य आहे. त्यांचा हिशेब मान्य नाही.

मोझांबिककडे पाहा. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चाले. तेव्हा तो देश आपल्याला अगदीच परका नव्हे. १९७७ ते १९९२ या काळात तेथे फ्रेलिमोचे सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात यादवी चालली. बेइराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्व्हिस आणि संत एजिडिओ समुदाय यांच्या मध्यस्थीने रोम येथे तह झाला, तो ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणादिवशी! ख्रिस्तसभेने अभिमान बाळगावा असेच हे कार्य. परंतु पक्ष, निवडणुका, सैन्य, युद्धबंदी यांना तहनाम्यात स्वतंत्र प्रकरणे मिळाली; भूमीला, वनाला एकही मिळाले नाही.

त्याचे फळ गोरोंगोझाच्या अरण्याने भोगले. युद्धकाळात सैनिकांनी तेथील जनावरे मारून खाल्ली, हस्तिदंत विकून शस्त्रे घेतली. तहानंतरही शिकार चालूच राहिली. नव्वद टक्क्यांहून अधिक मोठी जनावरे नाहीशी झाली. ज्या डोंगराचे ओढे खालच्या मैदानाला जगवतात, त्याच्या माथ्यावरील वन शेतीसाठी तुटू लागले. भुकेल्या शेतकऱ्याला दोष कोण देणार? पण ओढा आटला की पहिला उपाशी राहतो तोच. आमच्या सज्जनांचा हिशेब चुकतो तो येथे.

२००४ नंतर सरकार आणि अमेरिकन दानशूर ग्रेग कार यांची संस्था यांनी अरण्य सावरण्याचे काम हाती घेतले. डोंगरावर देशी झाडांच्या सावलीत कॉफी लावण्यात आली. शेतकऱ्याला मिळकत आणि वनाला उसंत मिळाली. मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बेइरा उद्ध्वस्त झाले, तेव्हा याच अरण्याचे रक्षक धान्य घेऊन पूरग्रस्तांकडे गेले. मध्यंतरी पुन्हा पेटलेले वैर मिटवण्याचा करारही १ ऑगस्ट २०१९ रोजी याच अरण्यात झाला. तेव्हा हत्तींची चिंता आणि माणसांची चिंता या दोन निरनिराळ्या चिंता आहेत, असे कोणी म्हणावे?

नगराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका, अशी आज्ञा जुन्या करारातील अनुवादाच्या ग्रंथात आहे. देवाशी शांती आणि सकल सृष्टीशी शांती यांची सांगड पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९०च्या शांतिदिनाच्या संदेशात घातली होती. हवामान बिघडत चाललेल्या आजच्या काळात तर या शिकवणीकडे पाठ फिरवणे हा अपराध ठरेल. ज्या भूमीवर सैनिक घरी परतणार, ती नांगरण्याजोगी आहे काय, तिथल्या विहिरीला पाणी आहे काय, हे प्रश्न तहाच्या पहिल्या पानावर हवेत. आणि वेदीपुढे युद्धग्रस्तांसाठी शांती मागताना त्यांच्या मातीसाठी, पाण्यासाठीही ती मागण्यास आपण कधी शिकणार?