गाडी तापली? पार्ट बदलण्याआधी कोड वाचा

मे महिन्यातली दुपार. पुण्याहून संगमनेरकडे येताना चंदनापुरी घाटात ट्रॅफिक तुंबलं होतं. गाडी इंच-इंच सरकत होती आणि तापमानाचा काटा वर चढत होता. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, थंड होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये अर्ध्या मिनिटात निकाल लागला: "फॅन गेलाय, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." कुणी काहीही तपासलं नव्हतं.

मी सॉफ्टवेअरवाला. एरर लॉग न वाचता कोड बदलला तर ऑफिसात बोलणी खावी लागतात. इथे गाडी स्वतः लॉग लिहीत होती, पण तो कुणी उघडलाच नव्हता. मग दुसरीकडे गेलो. तिथल्या इलेक्ट्रिशियनने फॅनला थेट बॅटरीचा सप्लाय दिला, तर फॅन भर्रकन फिरला. म्हणजे मोटर ठणठणीत! दोष होता रिलेच्या सॉकेटमधल्या एका गंजलेल्या पिनमध्ये.

फॅन नक्की चालतो कसा?

आताच्या गाड्यांमध्ये ही एक साखळी असते. सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो, ते ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. ईसीयू रिलेला हुकूम देतो, रिले फॅनला करंट देतो. सेन्सर, वायर, फ्यूज, रिले, मोटर यातलं काहीही बिघडलं तरी आपल्याला दिसतं एकच: फॅन फिरत नाही. म्हणून नुसतं बघून निदान करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

घरच्या घरी काय तपासाल?

१. गाडी कधी तापते ते बघा. हायवेवर ठीक आणि फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर संशय फॅनवर, कारण वेगात असताना फॅनचं काम समोरचा वारा करतो. हायवेवरही तापत असेल तर कूलंट, थर्मोस्टॅट, पंप किंवा रेडिएटर तपासायला सांगा.

२. एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन सुरू होतो. झाला, तर मोटर बहुधा ठीक आहे.

३. ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो. तो स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावा आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये कोड वाचा. 'पी०४८०' म्हणजे फॅनच्या कंट्रोल सर्किटमध्ये गडबड. 'पी०११७' किंवा 'पी०११८' म्हणजे कूलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये.

४. सकाळी थंड गाडीत लाइव्ह डेटा बघा. कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. नगरच्या उन्हाळ्यात ते उणे ४० दिसत असेल, तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर निसटलाय.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. 'पी०४८०' आला म्हणजे फॅन बदला असा अर्थ होत नाही. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, फॅनजवळ हात नेऊ नका. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

मग गॅरेजवाले कोड का वाचत नाहीत?

सगळा दोष त्यांचा नाही. वर दिलेले कोड सगळ्या कंपन्यांना समान आहेत. पण कंपनीचे खास कोड, वायरिंगचे नकाशे, स्कॅनरवरून फॅन चालवून बघायची सोय हे बऱ्याचदा अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतंच राहतं. हा वाद जुना आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच, की बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधनं सहज मिळत नव्हती. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या यंत्रांसोबत त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि कायद्याने बांधील असणं वेगळं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ पासून त्यासाठी कायदाच आहे.

गंमत बघा, वाहनांची चाचणी करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आपल्याच अहिल्यानगरला आहे. आणि तिथून काही किलोमीटरवरच्या एखाद्या फिटरला साधा वायरिंगचा नकाशा मिळवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारत बसावं लागतं. पाथर्डी, अकोले, जामखेडसारख्या भागात हाच फिटर सगळ्यात जवळचा असतो. त्याला माहिती मिळाली नाही तर तो अंदाजाने पार्ट बदलणार आणि बिल आपण भरणार.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "पार्ट बदलावा लागेल" असं कुणी म्हटलं, तर फक्त एवढंच विचारा: "दादा, कोड काय आला? आणि मोटरला डायरेक्ट सप्लाय देऊन बघितला का?"