गणित आणि कला यांची ताटातूट

लातूर आणि नांदेड ही दोन शहरे आज महाराष्ट्राच्या शैक्षणिक नकाशावर ठळकपणे उमटली आहेत, ती गणित-विज्ञानातील गुणांमुळे. ‘लातूर पॅटर्न’ या शब्दाला घरोघरी मान आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतील पालक पोटाला चिमटा घेऊन आपली मुले येथे आणून ठेवतात. या परिश्रमांची थट्टा करण्याचे कारण नाही. अवर्षणाने गांजलेल्या आणि १९९३ च्या भूकंपाने हादरलेल्या या भागातील शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर होण्याची वाट याच वर्गांनी दाखविली. परंतु त्या वाटेवर पहिले पाऊल पडते न पडते तोच मुलाच्या हातातील कुंचला आणि मुलीच्या गळ्यातील गाणे काढून घेतले जाते, हेही तितकेच खरे. इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांपुरती द्यावयाची आणि गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर टाकावयाची, हा तर आता रिवाजच होऊन बसला आहे.

गणित निराळे आणि कला निराळी, ही समजूत ज्या मराठवाड्यात आज इतकी मुरली आहे, त्याच मराठवाड्यात तेराव्या शतकात वेगळे चित्र होते. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा प्रमुख होता. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या अधिकाऱ्यानेच ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वर, एकही पुन्हा न घेता, किती क्रमांनी मांडता येतील? ५०४०. शार्ङ्गदेव तेवढ्यावर थांबला नाही. यांपैकी अमुक क्रमांकाची तान कोणती, किंवा समोर आलेली तान कितव्या क्रमांकाची, हे सगळी यादी न लिहिता काढण्याची रीतही त्याने ‘खंडमेरू’ नावाच्या कोष्टकाच्या आधारे दिली. त्याच सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला, याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. आणि त्या आजोबांनी ‘लीलावती’त संयोगांचे गणित शिकविताना त्याचे उपयोग कोठले सांगितले? छंदांचे, शिल्पाचे आणि वैद्यकाचे. कुशल कारागिराने बांधलेल्या आठ दारांच्या राजवाड्याचे त्यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे: एक, दोन, तीन अशी दारे उघडी ठेवण्याचे एकूण प्रकार २५५. प्रवेशपरीक्षेच्या वर्गात हेच सूत्र आज फळ्यावर लिहिले जाते. राजवाडा मात्र गळून पडला आहे.

पाश्चात्त्य देशांत ही तुटलेली दोरी पुन्हा जोडण्याचे प्रयत्न नेटाने चालू आहेत. ‘ब्रिजेस’ ही संस्था त्यांपैकी अग्रगण्य. रेझा सरहंगी या इराणी जन्माच्या गणितज्ञाने १९९८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विनफिल्ड या लहानशा गावी तिची पहिली परिषद भरविली. (लातूर-नांदेडच्या मानाने ते गाव म्हणजे खेडेच!) इराणी फरशांवरील नक्षीची भूमिती हा सरहंगींच्या व्यासंगाचा विषय होता. ही परिषद पुढे देशोदेशी भरू लागली. २०१४ मध्ये ती सोल येथे झाली. तेथे निबंधवाचनाबरोबर चित्रशिल्पांचे प्रदर्शन असते, संगीताची मैफल असते, सामान्य नागरिकांना मुलाबाळांसह येता येईल असा एक दिवस राखलेला असतो. निबंध संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतात. या उद्योगात भाबडेपणा नाही असे नव्हे; एखादे सूत्र रंगवून भिंतीवर टांगले म्हणजे कलाकृती झाली, असे मानणारेही अशा मेळ्यांत भेटावयाचेच. पण गणितज्ञ आणि कलावंत एका मांडवाखाली बसतात, ही गोष्ट लहान नाही.

नांदेडला असा मांडव घालण्यास अडचण ती कोणती? १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात गणिताचे संकुल आहे आणि ललित व प्रयोगजीवी कलांचेही आहे. विद्यापीठाचे उपकेंद्र लातुरात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांमधील भिंत पाडावयास सांगितले आहे. तेव्हा परवानगीची वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही. उरतो तो प्रश्न इच्छेचा, आणि सामग्री म्हणाल तर ती दारात पडली आहे. सात ते एक ठिपक्यांची रांगोळी घ्या. एक, तीन, पाच, सात मिळून १६, म्हणजे चाराचा वर्ग. पुढे पाच, तीन, एक मिळून ९, म्हणजे तिनाचा वर्ग. एकंदर ठिपके २५, म्हणजे पाचाचा वर्ग. तीन, चार, पाच हे भूमितीच्या पुस्तकातील काटकोन त्रिकोणाचे आकडे असे अंगणात उतरतात आणि ती रांगोळी काढणारी मुलगी मात्र गणितात आपण कच्ची आहोत असे म्हणत असते. तांड्यावरील बंजारा स्त्रीच्या फेटियावर चौकोन, त्रिकोण आणि आरसे ज्या शिस्तीने बसतात, तिच्यामागेही कसलेले गणितच आहे. त्या स्त्रीने शाळेचे तोंड पाहिले असो वा नसो.

देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, ही सर्व दगडात कोरलेली भूमितीच होय. मूळ चौरसाच्या बाजू टप्प्याटप्प्याने पुढे काढून भिंतीला कोनांची मालिका देणे, किंवा चौरस मध्यबिंदूभोवती फिरवून तारकेचा आराखडा काढणे, हे त्या परंपरेतील स्थपतींचे नित्याचे काम होते आणि त्यांची साधने दोरी व खुंटी एवढीच. होट्टलला अलीकडे महोत्सव भरतो; व्यासपीठावर गाणे-नाचणे होते, गर्दीही जमते. त्यातील एक सकाळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवावी. गणिताच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांच्या हाती दोरी, खुंट्या आणि कागद द्यावा आणि मंदिराचा आराखडा जवळच्या मोकळ्या जागेवर त्यांच्याकडूनच आखून घ्यावा. त्या सकाळीला गुण नसावेत.