डोक्यावरची दुबार पेरणी

आमच्या मराठवाड्यात ‘दुबार पेरणी’ हा शब्द जड मनाने उच्चारला जातो. मृगाच्या पावसावर भरवसा ठेवून बी टाकावे, पुढे पावसाने दडी मारावी, कोंब करपून जावेत आणि पुन्हा उसनवारी करून बियाणे आणावे. आमच्याकडे शेती नाही. तरीही गेले तीन महिने हा शब्द आमच्या घरात रोज निघतो आहे. पेरणी झाली ती आमच्या भाच्याच्या डोक्यावर. त्याची संमती घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत. ‘लिहा मामा, पण नाव टाकू नका,’ एवढेच तो म्हणाला.

भाचा एकतीस वर्षांचा. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळ्यांच्या मिलमध्ये कामाला आहे. निर्व्यसनी मुलगा, विधवा आईला सांभाळतो. पंचविशीपासून त्याचे केस कपाळाकडून मागे हटू लागले. नात्यातल्या एका हळदीच्या कार्यक्रमात आम्हीच मोठ्याने म्हणालो होतो, ‘आज चंद्र लवकर उगवला बरं का!’ मंडप हसला, तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने टोपी विकत घेतली, हे आम्हाला फार उशिरा कळले. पुढे दोन ठिकाणी सोयरीक बोलता बोलता थांबली. कारण कोणी सांगितले नाही. त्याने मात्र ते डोक्यावर घेतले.

तीन वर्षांपूर्वी त्याने साठवलेले पासष्ट हजार रुपये खर्चून मोठ्या शहरात हेअर ट्रान्सप्लांट करून घेतले. वर्षभरात कपाळावर केस दिसू लागले. तो खूश झाला. पण हळूहळू त्या नव्या केसांच्या मागचे जुने केस गळू लागले. पुढे केसांची पट्टी, मागे मोकळे रान. दवाखान्यात विचारले तर उत्तर आले, ‘आणखी एकदा करावे लागेल.’ पहिल्या वेळी ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगितली नव्हती.

या जूनमध्ये त्याने पतसंस्थेतून पंचाण्णव हजारांचे कर्ज काढले. ‘घरावरचे पत्रे बदलायचे आहेत’ असे तो आम्हाला म्हणाला. आम्ही जामीनदार म्हणून सही केली. आयुष्य कारकुनीत गेले, दुसऱ्याच्या कागदावरची एक चूक नजरेतून सुटत नाही. पण भाच्याच्या कागदावर आम्ही डोळे मिटून सही केली. पत्रे काही बदलले नाहीत. डोके बदलायला गेला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अक्काचा घाबऱ्या आवाजात फोन आला, ‘भाऊ, पोराचं तोंड सुजलंय, डोळे उघडंनात.’ आम्ही धावत गेलो. शेजारची बाई म्हणत होती की कुणाची तरी नजर लागली, उतारा टाका. दुसरी हळद आणि तेल चोपडायला निघाली होती. आम्ही दोघींना हात जोडले. दवाखान्यात फोन लावला, तेव्हा कळले की औषध व पाणी टोचल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर आणि डोळ्यांभोवती सूज उतरते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. तसेच झाले.

भाचा उशांवर उशा रचून, डोके उंच ठेवून पडला होता. कोपऱ्यात पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याखाली अक्काने घमेले ठेवले होते. आम्ही काही बोललो नाही. तोच म्हणाला, ‘मामा, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही श्रामणेर शिबिराला चल म्हणालात. डोकं भादरावं लागेल, सगळं उघडं पडेल, म्हणून मी आलो नाही. आता इथं पैसे देऊन भादरून घेतलं.’ तो हसला, आम्हाला हसू आले नाही.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात आली. लावलेले केस उशीवर गळून पडू लागले. आजूबाजूचे जुने केसही पातळ झाले. पोरगा जेवेना. मिलमध्ये आठ दिवसांची बिनपगारी रजा झालेली, कर्जाचा पहिला हप्ता तोंडावर आणि डोक्यावर पुन्हा रान. आम्ही त्याला घेऊन छत्रपती संभाजीनगरला घाटीत त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी वीस मिनिटे दिली. त्यांनी जे समजावले, ते आमच्या वाचकांच्या घरोघरी कळावे म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, हे ठरलेलेच आहे. केस गळतो, मूळ आत राहते. तीन-चार महिन्यांनी नवा कोंब येतो आणि पुरता निकाल बारा महिन्यांनी, टाळूवर कधी दीड वर्षाने कळतो. धक्क्याने गळालेले शेजारचे जुने केसही बहुधा परत येतात. मात्र जे आधीच मरणपंथाला लागले होते, ते येतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ट्रान्सप्लांटने केस गळणे थांबत नाही. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाचे कारण आनुवंशिक असते. आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते. शरीरातल्या पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो. डोक्याच्या पुढची आणि टाळूवरची मुळे त्याला हळवी असतात, ती वर्षागणिक बारीक होत जातात. मागच्या बाजूची मुळे चिवट असतात. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली हेच दाखवून दिले की, मागचे मूळ पुढे लावले तरी ते आपला चिवटपणा सोडत नाही. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, जपानच्या डॉ. शोजी ओकुडा यांनी भाजल्यामुळे केस गेलेल्या रोग्यांवर असे रोपण केले होते. म्हणजे विद्या खरी आहे, थोतांड नाही. पण लावलेले केस टिकतात आणि त्यांच्या शेजारचे जुने केस आपल्या वाटेने जातच राहतात. भाच्याच्या डोक्यावर झाले ते हेच.

आम्ही बी.कॉम. झालेलो, आम्हाला हिशोबाच्या भाषेत चटकन कळले. डोक्याची मागची बाजू ही मुदत ठेव आहे. तिथून मूळ काढून पुढे लावणे म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करणे. शिल्लक एका पैशाने वाढत नाही. आणि काढलेल्या जागी पुन्हा मूळ उगवत नाही. बहुतेकांच्या मागच्या बाजूला जन्मभरात मिळून पाच ते आठ हजार ग्राफ्ट निघतात, काहींना त्याहूनही कमी. दोन खेपांत ठेव मोडून खाल्ली आणि गळती चालूच राहिली, तर तिसऱ्या खेपेला काढायचे कोठून?

म्हणून दुबार पेरणीच्या आधी शेतकरी जमिनीची ओल बघतो, तशी गळती आधी बघावी लागते. त्यासाठी औषधे आहेत. मिनॉक्सिडिल डोक्याला लावतात. फिनास्टेराइडची गोळी अमेरिकेत १९९७ मध्ये टकलासाठी मंजूर झाली. गुण दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि औषध बंद केले की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, काहींचे मन उदास होते. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो. तेव्हा मेडिकलमधून कुणाचे ऐकून ही गोळी आणू नका, डॉक्टरला विचारा. पहिल्या ऑपरेशननंतर भाच्याने कोणतेही औषध घेतले नव्हते.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक गळती एका जातीची नसते. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात, डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील लोकांचे केस तीन-चार दिवसांत मूठ-मूठ निघून आले. लहान मुले, कॉलेजच्या मुली, कोणी सुटले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. त्यांनी तपासणी करून सांगितले की रोग्यांच्या शरीरात सेलेनियम फार वाढले होते, जस्त कमी होते, आणि त्याचा संबंध रेशनवर आलेल्या गव्हाशी आहे. पुढे बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवू लागले. तिथे कुणी घाईने ट्रान्सप्लांट केले असते तर पैसा वाया गेला असता. रक्त कमी असणे, थायरॉइड, मोठा ताप, बाळंतपण यांमुळेही केस जातात आणि उपचाराने येतात. आधी कारण शोधा, मग खिशात हात घाला.

चौथी गोष्ट जिवाची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की हे काम रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचेच आहे. कार्यशाळा करून किंवा यूट्यूब पाहून ते करता येत नाही. मुंबईत २०१९ मध्ये एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका व्यापाऱ्याचा दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. कानपुरात दोन अभियंते दगावल्याचे प्रकरण २०२५ मध्ये उघडकीस आले. स्वस्तात मस्त अशी पाटी दिसली की डॉक्टरची पदवी विचारा, भूल कोण देणार ते विचारा. घरी आल्यावर ताप, पू, काळी पडलेली कातडी किंवा धाप दिसली, तर रात्र काढू नका. पहिले दहा दिवस डोक्याला घासणे, खाजवणे, हेल्मेट, तंबाखू बंद. दोन आठवडे ओझे उचलणे आणि भट्टीची झळ टाळा. खपल्या ओढू नका, आपोआप पडतात.

हे झाले डोक्याच्या कातडीचे. आता कातडीच्या आतले.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्याला न्हावी होते, त्याला द्यायला घरात पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला कुणी हात लावत नसे. म्हणून त्यांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. आपल्या वाडवडिलांच्या केसांनाही असेच कुणी हात लावला नाही. दोष एकट्या त्या कारागिराचा नव्हता, गावगाड्याचा होता. तेव्हा आपल्या डोक्याची लाज दुसऱ्यांनी आपल्यावर लादली होती. आज आपण आपल्याच पोराला हळदीच्या मांडवात त्याच्या डोक्यावरून लाजवतो, आणि तो ती लाज फेडायला व्याजाने पैसे काढतो. आम्ही स्वतः हे केले आहे, म्हणून लिहितो.

श्रामणेराला दीक्षेच्या वेळी पहिल्यांदा शरीराचे पाच भाग ध्यानात घ्यायला सांगतात: डोक्याचे केस, अंगावरची लव, नखे, दात, त्वचा. कारण जग आपल्याला या पाचांवरूनच ओळखते आणि आपणही यांनाच ‘मी’ समजून बसतो. याचा अर्थ केसांसाठी उपचार करू नये असा आम्ही काढत नाही. ज्याला करायचे त्याने करावे. त्यात पाप नाही. पण ते डोळे उघडे ठेवून करावे, ऐपतीत करावे आणि घरच्यांपासून लपवून करू नये. आणि घरच्यांनी लपवण्याची पाळी आणू नये.

वर्षावासात आमच्या विहारात रोज रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. विहारात टोपी काढावी लागते, म्हणून भाचा दोन वर्षे तिकडे फिरकला नव्हता. गेल्या रविवारी आला. दारात थोडा थबकला. मग टोपी काढून खिशात घातली आणि मागे जाऊन बसला. डोक्यावर विरळ खुंट, मागच्या बाजूला बारीक बारीक पांढरे ठिपके. कोणी काही बोलले नाही. एका लहान मुलीने विचारले, ‘काका, डोक्याला काय झालं?’ तो म्हणाला, ‘दुबार पेरणी केली गं, बघू काय उगवतं.’ पुस्तक त्याच्याकडे आले तेव्हा त्याने दोन पाने वाचली. आवाज त्याचा चांगला आहे, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

आता तो डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेतो आहे. तिसरे ऑपरेशन नाही, असे त्याने अक्कासमोर कबूल केले आहे. दिवाळीचा बोनस पत्र्यांना जाणार. पेरलेल्यातले किती उगवले ते पुढच्या जूनमध्ये कळेल. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला कळतो; बत्तीसशे रुपये. तीन भरले, तेहतीस राहिले. सही आमचीही आहे.

जय भीम.