साठ टक्क्यांच्या पोरासाठी कॉलेज : आधी उगवण तपासा

दहावी-बारावीचे निकाल लागतात ते नेमके पेरणीच्या तोंडावर. बियाण्याला पैसा हवा, खताला हवा आणि त्याच आठवड्यात घरातल्या लेकराच्या प्रवेशालाही हवा. नव्वद टक्केवाल्या पोराची चिंता कोणाला नसते. त्याचा फोटो पेपरात येतो, क्लासवाले त्याला आपल्या फलकावर चढवतात. नापास झालेल्याचाही निकाल घरात लवकर लागतो. अडचण होते ती मधल्या पोराची. पन्नास, पंचावन्न, साठ टक्के. आपल्या कोरडवाहू गावांत बहुतेक पोरे याच खणात बसतात, आणि प्रवेशाच्या बाजारात सगळ्यात जास्त लूट होते ती याच पोरांच्या बापांची.

का होते? कारण बाप आधीच मान खाली घालून जातो. आपल्या पोराला कोण घेणार, या भीतीने तो दारात उभा असतो. समोरच्याला ती भीती लगेच दिसते. कापूस घेऊन गेलेल्या कास्तकाराला हा प्रकार नवा नाही. गाडी फाटकात शिरण्याआधीच ग्रेडर नाक मुरडतो, ‘माल हलका आहे’ म्हणतो आणि आपण पडेल त्या भावाला तयार होतो.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. साठ टक्के म्हणजे फरदडीचा कापूस नव्हे. आपल्या पोराचे टक्के कुठल्या जमिनीत उगवले ते पाहा. शाळेत गणिताच्या मास्तरची जागा वर्षभर रिकामी. रात्री अभ्यासाच्या वेळेला भारनियमन. वेचणीला मजूर मिळाला नाही की पोरगी आठ-आठ दिवस घरी. लातूर-नांदेडच्या क्लासांत दोन वर्षे बसलेल्या पोराशी तिची तुलना करणे म्हणजे बागायती आणि बरड रानाचा उतारा एकाच काट्यावर तोलणे आहे. टक्के खोटे नाहीत, पण ते पोराच्या कुवतीइतकेच त्याला मिळालेल्या पाण्याचेही माप आहेत.

पावतीचा हिशेब कापसात करा

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदान खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यातून काही चांगल्या संस्था उभ्या राहिल्या, हे मान्य करावे लागेल. पण शिक्षण विकत मिळते म्हटल्यावर दलालही आला. एके काळी जागा कमी आणि गिऱ्हाईक जास्त होते. आता कित्येक कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात आणि कॉलेजचा माणूस गावात पोर शोधत फिरतो. खेडा खरेदीचा व्यापारी दारात येतो तेव्हा तो आपल्या सोयीसाठी येत नाही, हे आपल्याला कळते. प्रवेशाचा एजंट ‘टक्क्यांची काळजी करू नका, फक्त बुकिंग करा’ म्हणत दारात आला, तर त्यालाही तोच न्याय लावा.

आता हिशेब. एका खासगी कॉलेजची फी वर्षाला १ लाख आणि राहणे-खाणे-पुस्तके मिळून ७० हजार, असे धरू. चार वर्षांचे झाले ६ लाख ८० हजार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे सुमारे ८४ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले, तर पाच एकरवाल्याचे सव्वातीन वर्षांहून जास्तीचे सगळे पीक. तेही पूर्ण हमीभाव मिळाला तर, आणि बियाणे, फवारणी, वेचणी यांचा एक पैसाही न वजा करता. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीच्या त्याच वर्षीच्या ३,६९९ रुपये भावाने १८४ क्विंटल. हा आकडा घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मग ठरवा. शिकवू नका असे आम्ही म्हणत नाही. एवढे पीक ओतायचे तर ते उगवणाऱ्या जागी ओता, एवढेच म्हणणे आहे.

सगळ्यांनी एकच पीक पेरले की काय होते

डी.एड.ची आठवण गावागावांत ताजी आहे. त्या काळी गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजे निघाली. मास्तरकीची नोकरी पक्की, म्हणून लोकांनी शेत गहाण टाकून जागा घेतल्या. २०१० नंतर शिक्षकभरती बराच काळ थंडावली. २०१३ पासून टीईटीची अट आली. पदविका हातात घेऊन पोरे मजुरीला गेली आणि पुढे तीच कॉलेजे ओस पडली. एका वर्षी तुरीला भाव आला म्हणून पुढच्या वर्षी सगळ्या तालुक्याने तूर पेरावी, तसे हे झाले. आज कोणाच्या तोंडी फार्मसी आहे, कोणाच्या तोंडी नर्सिंग, कोणाच्या तोंडी कॉम्प्युटर. शेजाऱ्याने पेरले म्हणून पेरू नका.

मधल्या पोराच्या तीन वाटा

पहिली वाट शासकीय तंत्रनिकेतनाची. दहावीला किमान ३५ टक्के असले की पदविकेच्या प्रवेशाला पात्र होता येते. जागा गुणांच्या क्रमाने मिळते, हे खरे. पण खामगाव, मूर्तिजापूर, वाशीम, यवतमाळ, आर्वी, हिंगोली इथे आपल्याच भागात शासकीय तंत्रनिकेतने आहेत आणि त्यांची वर्षाची फी काही हजारांत असते. हवी ती शाखा नाही मिळाली, तर दुसरी मिळू शकते. तीन वर्षांनी पदविका हातात येते. तिच्यात ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के असले की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. वर्षे मोजा. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा. पदविकेची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच. एकही वर्ष वाया जात नाही, आणि मध्येच घरची परिस्थिती बिघडली तरी पोरगा रिकाम्या हाताने परत येत नाही. बारावी विज्ञान झालेल्यालाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची सोय आहे.

दुसरी वाट आयटीआयची. तिला आपण उगाच कमी लेखतो. वीजतंत्री, जोडारी, डिझेल मेकॅनिक हे हात आज गावातही लागतात. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येते. दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर पुढे पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा रस्ताही खुला आहे.

तिसरी वाट पदवीची. अभियांत्रिकीला बारावीत ४५ टक्के आणि कृषी पदवीला ५० टक्के पुरतात, राखीव गटांना दोन्हीकडे ४०. खरी चाळणी सीईटीची असते. आम्ही स्वतः कृषी पदवीधर, म्हणून या पदवीबद्दल स्पष्ट सांगतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांना जोडलेली खासगी कृषी महाविद्यालयेही आहेत. तिथे जाल तेव्हा इमारत नंतर पाहा, आधी शेत पाहा. शेत किती, त्यात आज काय उभे आहे, पोरे त्यात खुरपे धरतात का, हे विचारा. ज्या कृषी महाविद्यालयाचे शेत पडीक आहे, तिथली पदवीही पडीकच राहणार.

शंभर दाण्यांची परीक्षा

बियाणे घरचे असो, महाबीजचे असो की कंपनीचे, शहाणा शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. ज्वारीचे पंच्याहत्तर उगवले तर पेरतो. पिशवीवरच्या चित्राला तो भुलत नाही. कॉलेजलाही हीच परीक्षा लावा. शंभर नको, दहा पुरेत.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्या कॉलेजातून बाहेर पडलेली, आपल्याच तालुक्यातली, आपल्या पोराइतकेच टक्के घेऊन गेलेली दहा पोरे शोधा. नावे कॉलेजने दिलेली नकोत, तुम्ही शोधलेली हवीत. त्यांना चार गोष्टी विचारा. सगळे विषय सोडवून वेळेत पास झालात का? प्रात्यक्षिक हाताने केले की दुसऱ्याच्या वहीतून उतरवले? पावतीवरच्या फीशिवाय आणखी किती गेले? आणि आज काय करता, महिन्याला हातात किती पडतात? दहापैकी सात जणांची उत्तरे धड असतील तर ते कॉलेज पेरण्याजोगे आहे. तीनच असतील तर मोठे फाटक, कारंजे आणि एसी सभागृह पाहून पोर तिथे टाकू नका. खासगी म्हणजे वाईट आणि सरकारी म्हणजे चांगले, असेही नाही. उगवेल ते खरे.

कामाच्या दिवशी, दुपारी, न सांगता एकदा जाऊन या. कार्यशाळेतल्या यंत्रांवर धूळ आहे की तेल, हे शेतकऱ्याच्या नजरेला कोणी शिकवायला नको.

कागद आणि कोटा

आपली बहुतेक हानी कागदांत होते. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते, काही गटांना नॉन-क्रीमीलेयर लागते, सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. ही कामे निकालानंतर धावत होत नाहीत. पोर बारावीत गेले की वेचणीच्या हंगामातच अर्ज टाका.

प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्या. यात पैशाचा मोठा फरक आहे. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. पण ती केंद्रीय फेरीतून गेलेल्या मुलीला. व्यवस्थापन कोट्यातून, किंवा अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेलेल्या मुलीला ती नाही. एजंट हे सांगत नाही. ‘पोरीला कशाला एवढे शिकवायचे’ म्हणणाऱ्या घरांनी आता हिशेब पुन्हा मांडावा. साठ टक्क्यांच्या पोरीला गावाजवळ कुठेतरी बी.ए.ला बसवून स्थळ शोधण्यापेक्षा चांगली वाट तिच्यासाठी उघडी आहे.

पर्याय भरताना मागच्या वर्षीच्या शेवटच्या गुणांची यादी समोर ठेवा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की ती जागा पक्की धरली जाते, म्हणून क्रम कोणा नेटकॅफेवाल्याच्या हाती सोडू नका. खासगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती पाहा आणि तेवढीच पावती घ्या. बिनपावतीचे डोनेशन मागणे हा १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. पोराचे मूळ दाखले कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत, हे यूजीसीने २०१८ साली बजावले आहे. आणि ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही. सावकाराच्या ओट्यावर चढण्याआधी बँकेच्या पायऱ्या चढा.

मागणी आणि काम

हे सगळे एकेकट्या बापाने करायचे का? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी वऱ्हाडात शिक्षणाचे जाळे विणले. ते पहिल्या नंबरच्या पोरांसाठी नव्हते, ज्याला कोणी दारात उभे करीत नव्हते त्याच्यासाठी होते. आज कोरडवाहू जिल्ह्यांतल्या शासकीय तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये शिक्षकांच्या आणि निदेशकांच्या रिकाम्या जागा भरा, तिथल्या यंत्रांना सुटे भाग द्या, वसतिगृहे वाढवा, ही मागणी आपण हमीभावाच्या मागणीइतक्याच जोराने केली पाहिजे. मधल्या पोराला स्वस्त आणि खरी जागा गावाजवळ मिळाली, तर दलालाचे दुकान आपोआप बसेल.

मागणी पूर्ण होईपर्यंत हातात आहे ते काम करू. प्रत्येक गावाने एक वही घालावी. गावातून गेल्या पाच वर्षांत कोण कुठल्या कॉलेजात गेले, एकूण किती खर्च आला आणि आज काय करतात, एवढेच तीन रकाने. चांगले झाले तेही लिहा, फसले तेही लिहा, लाजू नका. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. तालुक्याच्या वह्या एकत्र केल्या की कोणते बियाणे उगवते आणि कोणते कुजते, हे सगळ्यांना दिसेल. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ती यादी आपल्या पोरांच्या जास्त कामाची ठरेल.