दारावर कोण येतं?

साथ आली की सरकारला आधी कायदा आठवतो. मार्च २०२० मध्ये आपल्याला लागू झाला तो १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या काळातला. धाक असला की माणसं एकमेकांना जपतात, हे त्यामागचं गृहीतक. पुण्याने ते तेव्हाच खोटं पाडलं होतं. प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत, पार देवघरापर्यंत घुसले, आजारी माणसं उचलून नेऊ लागले. मग लोक आजारी माणूस लपवू लागले, मयतसुद्धा लपवू लागले. आपल्या माणसाला सरकारपासून वाचवायचं, एवढंच डोक्यात. शेजारी मेला तरी चालेल असं कोणी म्हटलं नसेल. त्याचा विचार करायला उसंतच नव्हती.

सोजीर घरात शिरले त्याच्या काही दिवस आधीची गोष्ट. हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. याला आपण त्याग म्हणतो आणि फोटोला हार घालून मोकळे होतो. मला त्यात सवय दिसते. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, पुढे दुष्काळात अन्नछत्रं चालवली. खुद्द यशवंत त्या गृहातच जन्मलेला. परक्याचं मूल उचलून घेणं हे सावित्रीबाईंना सत्तरीच्या उंबरठ्यावर नव्याने शिकायचं नव्हतं.

करोनात घोषणा आली, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. घोषणा छान, पण माझ्याच उंबऱ्याशी थांबणारी. मोहीम प्रत्यक्षात चालली ती ऑक्सिमीटर घेऊन दुसऱ्यांच्या कुटुंबांत जाणाऱ्या आशाताईंमुळे. आशाताई म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका. सुनेचं बाळंतपण तिच्या वहीत, नातवाच्या लसीची तारीख तिला पाठ. ‘काकू, अंगात कणकण आहे का?’ असं तिने विचारलं की ताप लपवणं अवघड जातं. काही ठिकाणी तिलाही दारातून हाकललं, हेही खरं. तरी पोलिसाच्या काठीपेक्षा तिच्या वहीवर माझा भरवसा जास्त.

जून २०२१ मध्ये याच आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा ‘सेवाभाव कुठे गेला?’ असं विचारणारे महाभाग निघाले. सेवाभाव होता की. वाणी तो उधारीत धरत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा त्याच मानधनासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या.